कांबळेमामा आणि सकाळचं रक्त

पुरुष माणसाला लाज वाटली की आधी त्याचा आवाज बसतो. मंगळवार पेठेतल्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एकोणीस वर्षं काढल्यावर एवढं ज्ञान मला नक्की झालं आहे. शुगर बघायला आलेला माणूस रस्त्यावरूनच ओरडत येतो, "ताई, जेवून आलोय, चालतंय का?" कावीळ असो, डेंग्यू असो, आवाज तोच. पण एखादा उंचापुरा गडी दारात दोनदा चप्पल काढतो, दोनदा घालतो, भिंतीवरचा तपासण्यांचा तक्ता खालून वर वाचत जातो आणि शेवटी माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडं बघत "आत कोण जेन्ट्स हाय का?" असं पुटपुटतो, तेव्हा मी पुढं काही विचारत नाही. पूर्वी मी मान मागं वळवून हाक मारायचे, "मामा, तुमचं पावणं आल्यात!"

मग पडद्यामागून आमचे लॅब टेक्निशियन कांबळेमामा बाहेर यायचे. दिनकर भाऊ कांबळे, मूळचे कागलकडचे. बुटके, गुबगुबीत, मान जवळजवळ नाहीच. डोकं पांढरं शुभ्र आणि मिशी काळी कुळकुळीत. दोन्हींची जन्मतारीख वेगळी असावी. अ‍ॅप्रनचं एकच बटण लावलेलं, कारण बाकीची पोटावर पोचत नव्हती. ते बाहेर येऊन त्या माणसाला एकदा पायापासून डोक्यापर्यंत बघायचे आणि म्हणायचे, "बोला पावणं."

"मामा, ती... हार्मोनची टेस्ट करायची हाय."

"कुठल्या? अंगात हार्मोनांची जत्रा भरलीया."

"ती... ताकदीची."

"ताकदीची टेस्ट तालमीत करत्यात. हितं आम्ही रक्त बघतोय. टेस्टोस्टेरॉन म्हणा की सरळ. शिवी हाय व्हय ती?"

एवढं बोलून मग त्यांना आठवायचं की विषय नाजूक आहे. ते त्या माणसाला आत न्यायचे, पडदा ओढायचे आणि कुजबुजायला लागायचे. मामांची कुजबूज शेजारच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जायची. लॅबच्या मालकीण माणगावे मॅडम, पॅथॉलॉजिस्ट, यांनी त्यावर एक इलाज काढला होता. मामांच्या खोलीतला खडखडणारा पंखा त्यांनी मुद्दाम दुरुस्त केला नाही. पंखा लावला की मामांचं बोलणं पीठ झाल्यासारखं बाहेर यायचं. आवाज कळायचा, शब्द कळायचे नाहीत.

तरी काही वाक्यं एकोणीस वर्षांत इतक्या वेळा ऐकली की मला पंख्यातूनही कळायची. पहिले तीन प्रश्न ठरलेले: झोप किती झाली, पोटात काय आहे, आणि गेल्या आठ-पंधरा दिवसांत ताप-बिप येऊन गेला का? माणूस दुपारी चार वाजता जेवून आलेला असला की मामा सुई हातातही घ्यायचे नाहीत.

"उद्या या. सकाळी साडेसातला. उपाशीपोटी. आणि रात्री नीट झोपून."

"आत्ता आलोयच न्हवं? घ्या की काढून."

"पावणं, हे हार्मोन कोंबड्यागत असतंय. पहाटं आरवतंय, दुपारी उकिरड्यावर जाऊन बसतंय. दुपारी मोजलं तर कोंबडा मुका हाय असं लिहून जाईल कागदावर. मग बसशीला रडत."

पहिल्यांदा आकडा कमी आला तरी मामा माणसाला हादरू द्यायचे नाहीत. "एका कागदावर माणूस पडत न्हाय," हे त्यांचं वाक्य. दुसऱ्या दिवशीची, दुसरी सकाळ पाहिजेच. आणि डॉक्टरची चिठ्ठी नसली तर आधी डॉक्टरकडं पिटाळायचे. "तुला होतंय काय ते आधी त्यांना सांग. रक्ताला तोंड नसतंय." रिपोर्ट हातात देताना रक्त घेतल्याच्या वेळेभोवती लाल पेनानं गोल करायची त्यांची सवय होती. आकड्याभोवती नाही, वेळेभोवती. लोक आकडा शोधत बसायचे आणि मामा बोट वेळेवर ठेवायचे.

मॅडम कधीकधी वैतागायच्या. "कांबळे, आलेला माणूस परत पाठवायचा वसा घेतलाय का तुम्ही?"

"मॅडम, परत पाठवलेला उद्या येतोय. चुकीचा कागद घेऊन गेलेला जन्मभर हिंडतोय."

मॅडम यावर हसून आत निघून जायच्या, कारण मामांना हे सगळं मुळात त्यांनीच शिकवलं होतं. फक्त मामा ते इतकं मनावर घेतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

कोल्हापूरला ईर्षा नावाचा एक जुनाट आजार आहे, त्यावर अजून तपासणी निघालेली नाही. एका रविवारी भरदुपारी चार दोस्त लॅबमध्ये घुसले. पुढं म्हशीवाले सर्जेराव. दुधाचा धंदा, दोन बोटं रुंद मिशा, अंगाला पांढऱ्या रश्श्याचा वास. या चौघांना आवाज बसण्याचा त्रास नव्हता.

"मामा, चौघांचंबी टेस्टोस्टेरॉन काढायचं. कुणाचं जास्त ते बघायचं हाय. पैज लागलीया."

मामांनी चौघांना ओळीनं बघितलं. "जेवण झालं?"

"झालं की. मटण होतं."

"मग म्हशीची धार दुपारी बाराला काढतासा काय सर्जेराव?"

सर्जेराव चमकले. "न्हाय. धार पहाटंची आणि सांजची."

"म्हशीला येळ हाय आणि तुम्हाला न्हाय व्हय?"

मामांना वाटलं पैज तिथंच मोडली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच तिघं बाकावर हजर, उपाशी, आंघोळ करून, कपाळाला गंध लावून. चौथा, त्यांच्यातला पाटील मास्तर, आला नव्हता. त्यानं गेल्या महिन्यात सासुरवाडीला, परगावी, हीच तपासणी केली होती आणि तो रिपोर्ट घेऊन येतो म्हणाला होता.

संध्याकाळी रिपोर्ट घ्यायला चौघं आले. मामांनी तिघांना तीन बंद पाकिटं दिली आणि मोठ्यानं वाचून दाखवायला साफ नकार दिला. अर्थात बंद पाकीट कोल्हापुरात किती वेळ बंद राहणार! बाकावरच फोडाफोडी झाली. एकाचं पाचशेच्या वर, एकाचं सहाशेच्या जवळ. सर्जेरावांचं चारशेच्या घरात. त्यांच्या मिशा जरा खाली आल्या. पण खरी पंचाईत मास्तरांची झाली. त्यांच्या कागदावर अठरा होते. नुसते अठरा.

मास्तरांचा चेहरा असा झाला की मी उठून पाणी दिलं. दोस्त आधी हसले, मग त्यांनी आपापली पाकिटं खिशात सारली. मास्तर हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्यात काय उरलंच न्हाय म्हणा की."

मामांनी कागद हातात घेतला, खालची बारीक अक्षरं वाचली आणि मांडीवर थाप मारली. "मास्तर, गणित शिकवतासा न्हवं शाळेत? ह्यांची उंची इंचात मोजलीया, तुमची फुटात. एकक येगळं हाय." मग तिथंच कॅल्क्युलेटर काढून त्यांनी गुणाकार करून दाखवला. मास्तरांचे अठरा आमच्या हिशेबानं पाचशेवर निघाले. मास्तर इतके खूश झाले की सर्जेरावांकडं बघायचं विसरले.

सर्जेराव मात्र हटेनात. "मग माझंच सगळ्यात कमी व्हय?"

"सर्जेराव, एसटीत जागा मिळाली म्हणजे झालं. पुढच्या सीटवर बसला काय आणि मागच्या सीटवर बसला काय, गाडी स्टँडवर एकदमच पोचती. हे खाली लिहिलंय न्हवं, ह्या आकड्यापासनं त्या आकड्यापर्यंत, ती सगळी गाडी. तुम्ही गाडीत हाईसा. तुम्हाला काय तरास हाय का?"

"न्हाय."

"मग म्हशीकडं जावा. धार काढायची येळ झाली."

ही झाली गंमत. पण बिद्रीकडचा तानाजी आला तेव्हा गंमत पहिल्या पाच मिनिटांतच संपली.

तानाजी साखर कारखान्यात कामाला, तिशी नुकतीच ओलांडलेला. सकाळी सात वाजता मोटरसायकलवरून आला, उपाशीपोटी आला, डॉक्टरची चिठ्ठी घेऊन आला. मला वाटलं, आज मामा याला मिठीच मारणार. मामांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपलास कधी?"

"झोपलो न्हाय अजून. रातपाळी सुटली आणि तसाच आलो."

"मग तुझी सकाळ झालीच न्हाय बाळा. सूर्याची झालीया. शरीर झोपून उठतंय तेव्हा सकाळ. दिवसपाळी लागली की चार रात्री नीट झोप आणि मग ये."

यावर एरवी माणसं कुरकुरतात. तानाजी बाकावर बसला आणि त्यानं जॅकेटच्या आतून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात एक जुना रिपोर्ट होता, कुठूनतरी संध्याकाळी केलेला, आकडा बराच कमी. आणि एक लहान खोकं. जिममधल्या दोस्तानं आणून दिलेली याच हार्मोनची इंजेक्शनं. आठवड्याला एक घे, दोन महिन्यांत वाघ होशील, असं दोस्तानं सांगितलं होतं. अजून एकही घेतलं नव्हतं.

मामा त्याला आत घेऊन गेले, पण पंखा लावायला विसरले. त्यामुळं मला सगळं ऐकू आलं.

"लगीन झालंय?"

"चार वर्षं झाली."

"पोरबाळ?"

"न्हाय. आई तिला बोलती. रोज बोलती. आणि मी... मला कशाचीच विच्छा हुत न्हाय मामा. तिला वाटतंय माझं बाहेर काय तरी हाय."

मामा उठून मॅडमना घेऊन आले. मॅडमनी त्याला नीट समजावलं की बाहेरून हे हार्मोन टोचलं की शरीर आपलं स्वतःचं बनवणं थांबवतं आणि शुक्राणूही बनायचे बंद होतात. मूल पाहिजे असलेल्या माणसानं हे इंजेक्शन असं परस्पर घेऊच नये. तानाजी मान हलवत होता, पण त्याला कळलेलं दिसत नव्हतं. मॅडम गेल्यावर मामांनी खुर्ची जवळ ओढली.

"तुमच्या कारखान्यात बाहेरनंच साखरेची पोती येऊन पडाय लागली, तर गाळप चालू ठेवतील व्हय?"

"न्हाय. बॉयलर बंद करतील."

"तसं हाय. आणि पोराचं कामबी त्याच बॉयलरवर चालतंय."

तानाजीनं ते खोकं मामांच्या टेबलावर ठेवलं आणि परत नेलं नाही.

दिवसपाळी लागल्यावर तो आला, झोपून, उपाशीपोटी. आकडा कमीच आला. आठवड्यानं दुसरी सकाळ. त्या दिवशी आत जाताना त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीला धाडकन लागला. मामा सवयीनं म्हणाले, "दार रुंद करून घ्याय पाहिजे, पैलवान याय लागल्यात." रक्त देऊन बाहेर येताना तोच खांदा, तसाच. आणि बाकावर बसताना डाव्या हाताला ठेवलेला माझा चहाचा पेला त्यानं लवंडला. त्याला तो दिसलाच नव्हता.

मामा पडद्यातून बाहेर आले. त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि त्याच्या कानापासून हातभर अंतरावर दोन बोटं वर केली.

"समोर बघ. बोटं किती?"

"कुठली बोटं?"

मामांनी दुसऱ्या बाजूला जाऊन तेच केलं. तानाजी समोर बघत हसत होता, त्याला वाटलं काही थट्टा चालली आहे. मामांचा हात मात्र हवेत तसाच राहिला होता.

"डोकं दुखतंय का रं?"

"ते रोजचंच हाय. रातपाळीनं."

मामा मॅडमच्या खोलीत गेले तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना भरभर चालताना बघितलं. मॅडमनी लगेच तानाजीच्या डॉक्टरना फोन लावला. त्याच रक्तातून आणखी दोन तपासण्या झाल्या. मेंदूकडून खाली हुकूम देणारं एलएच नावाचं हार्मोन अगदी कमी निघालं. म्हणजे कारखाना बिघडलेला नव्हता, हुकूमच येत नव्हता. आणि प्रोलॅक्टिन, जे खरं तर दूध पाजणाऱ्या आईच्या अंगात वाढतं, ते इतकं वर की मशीनला मोजता येईना. मामांनी नमुना पातळ करून दोनदा लावला. दोन्ही वेळा आकडा तेवढाच अफाट आला. डोक्याचं एमआरआय झालं. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हे हुकूम सोडणाऱ्या पिट्यूटरी ग्रंथीवर एक गाठ होती आणि ती डोळ्यांच्या नसांवर चढून बसली होती.

गाठ हा शब्द ऐकून घर कोसळलं. पण डॉक्टरांनी सांगितलं की ही गाठ कॅन्सरची नाही आणि बहुतेक वेळा नुसत्या गोळ्यांनीच आक्रसते. मामांनी हे तानाजीच्या बायकोला, रेश्माला, किमान सहा वेळा सांगितलं. सातव्यांदा ती म्हणाली, "मामा, एक विचारू? म्हंजे माझ्यात काय न्हवतं?"

"तुझ्यात न्हवतं. त्याच्यातबी न्हवतं. गाठीत होतं."

ती पदर तोंडाला लावून तिथंच रडली. मामांना रडणाऱ्या बायकांचं काय करायचं ते कळत नसे. त्यांनी तिला कापसाचा अख्खा गुंडाळा दिला.

पुढच्या वेळी तिनं सासूला आणलं. मामांनी म्हातारीला बसवून, चहा देऊन, सगळं समजावलं. म्हातारी ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग पोरीला मी चार वर्षं काय काय बोलले, त्याचं काय करायचं?"

"ते रक्तात दिसत न्हाय मावशी," मामा म्हणाले. "ते तुमचं तुम्ही निस्तरा."

गोळ्यांनी गाठ आक्रसली. तानाजीला आधी माझा चहाचा पेला दिसायला लागला, मग बाकी सगळं हळूहळू जागेवर आलं. दोन वर्षांनी तो आणि रेश्मा लहान मुलीला घेऊन लॅबमध्ये आले, थेट नृसिंहवाडीहून, नवस फेडून. हातात पेढ्यांचा मोठा पुडा. मामांचं घर छप्पनच्या दीक्षेपासून बौद्ध. देवाच्या पायऱ्या ते चढले नव्हते. तानाजी जरा घुटमळला. "मामा, प्रसाद हाय. चालंल न्हवं?"

"प्रसाद मी मानत न्हाय," असं म्हणून मामांनी पुड्यातून दोन पेढे उचलले. "पेढा मानतो."

आता अशा माणसाबद्दल पुढची गोष्ट सांगू नये. पण मी सांगणार आहे, कारण त्यांनीही ती नंतर निम्म्या पेठेला सांगितली.

निवृत्तीला वर्ष राहिलं होतं तेव्हा मामा हळूहळू गप्प होत गेले. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. पावणं आले तरी कोंबडा, एसटी काही निघायचं नाही. तीन प्रश्न विचारून रक्त घ्यायचे. मिशीला रंग लावायचे विसरले, त्यामुळं मिशी आणि डोक्याची जन्मतारीख एकदाची जुळली. मी विचारलं तर म्हणाले, "काय न्हाय, वय झालं."

एका सकाळी मी प्रिंटरमध्ये कागद भरला आणि आदल्या दिवशी अडकलेलं एक पान सुळकन बाहेर आलं. शहरातल्या दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट. मोबाइलवर आला असणार आणि कुणीतरी आमच्या प्रिंटरवर गुपचूप छापायला गेलं असणार. डी. बी. कांबळे, वय सत्तावन्न. टेस्टोस्टेरॉन. आकडा कमी, शेजारी खाली जाणारा बाण. आणि रक्त घेतल्याची वेळ: संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं.

मी तो कागद काउंटरवर पालथा घातला. हजारो पुरुषांना परत पाठवलेला हा माणूस स्वतः संध्याकाळी, दिवसभर खाऊन-पिऊन, परक्या लॅबच्या दारात चप्पल काढत-घालत उभा राहिला असेल. घड्याळाकडं बघत "आत कोण जेन्ट्स हाय का?" म्हणाला असेल. मला हसू आलं, आणि मग आलं ते हसू नव्हतं.

काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. लाल पेन घेतलं, वेळेभोवती गोल केला, कागद पाकिटात घातला आणि मामांच्या टेबलावर ठेवून आले.

दहा मिनिटांनी आत पंखा सुरू झाला. रोगी कुणीच नव्हता. मग मामा पडद्यातून अर्धे बाहेर आले.

"सुनंदा, येळ बघितलीस व्हय?"

"बघितली."

"मग काय बोलत न्हाईस?"

"तुम्हीच म्हणता, संध्याकाळचा कागद वाचायचा नसतो. मी वाचला नाही."

मामा काउंटरला टेकले. इतक्या हळू आवाजात ते बोलू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. "लोकांचा आकडा असला की आकडा असतोय गं. आपला असला की निकाल वाटतोय. विमल दुसऱ्या खोलीत झोपती दोन वर्षं झाली. दिवसभर अंगात जीव नसतोय. वाटलं, संपलं आपलं. सकाळी हितं कुणाला म्हणणार होतो, माझं रक्त घ्या म्हणून?"

मी मॅडमना सांगितलं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मामांना त्यांच्याच खुर्चीत बसवलं आणि स्वतः सुई हातात घेतली. तीस-पस्तीस वर्षं लोकांच्या शिरा शोधणाऱ्या माणसानं त्या वेळी डोळे गच्च मिटले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मॅडम म्हणाल्या, "कांबळे, अजून टोचलं नाही."

"टोचलं की सांगा."

सकाळचा आकडा संध्याकाळच्यापेक्षा बरा निघाला, पण काठावरच. दुसऱ्या सकाळचाही तसाच. बाकीच्या तपासण्यांतही फारसं काही सापडेना. मग डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला बोलावून घेतलं. विमलवहिनी म्हणजे मामांच्या दुप्पट उंच नसल्या तरी तशा वाटतात. डॉक्टरांनी विचारलं, "वेगळ्या खोलीत का झोपता?"

वहिनी म्हणाल्या, "मग काय करू? हे घोरत्यात का ट्रक चढावर चढतोय तेच कळत न्हाय. आणि मधीच बंद पडतोय ट्रक. श्वासच न्हाय. मी उठून बसती, आता गेलं म्हणून. मग फस्सकन परत चालू."

तीन मिनिटांत जे कळलं ते तीन रिपोर्टांत नव्हतं. झोपेत श्वास अडकण्याचा आजार. रात्रभर झोपूनही झोप नाही, आणि झोप नाही म्हणून पहाटेचा कोंबडा नीट आरवत नाही. प्रत्येकाला "झोपला किती" हे पहिल्यांदा विचारणाऱ्या माणसानं हा एक प्रश्न फक्त स्वतःला विचारला नव्हता. मॅडमनी हे त्यांना ऐकवलं. मामा म्हणाले, "पेपर सेट करणाऱ्यानं परीक्षेला बसायचं नसतंय मॅडम."

झोपताना तोंडावर मास्क लावायचं मशीन घरी आलं. पहिल्या रात्री वहिनी म्हणे हसून हसून बेजार झाल्या. नवरा एकदम विमान चालवणाऱ्यासारखा दिसत होता. मामांनी मशीनला शिव्या दिल्या, वजनासाठी सकाळचं चालणं सुरू केलं, चालण्यालाही शिव्या दिल्या. पण सहा महिन्यांत दुपारच्या डुलक्या गेल्या, आकडा काठावरून आत आला आणि अ‍ॅप्रनचं दुसरं बटण लागायला लागलं. वहिनी परत आतल्या खोलीत झोपायला आल्या, हे मात्र मामांनी मला सांगितलं नाही. वहिनींनी सांगितलं, तेही भाजी मंडईत, सगळ्यांदेखत.

त्यानंतर मात्र मामांनी गंमतच केली. लाजणारा पावणा आला की ते त्याला आत नेण्याआधीच म्हणायला लागले, "लाजू नकोस. मी स्वतः संध्याकाळी जाऊन, पोटभर खाऊन, तोंड लपवत केलती ही टेस्ट. माझ्याइतकं गाढव तू नक्की न्हाईस. बस." माणूस हसायचा आणि बसायचा. पंखा लावायची गरज कमी झाली. निवृत्तीच्या दिवशी मॅडमनी भाषण करायचं ठरवलं होतं, पण त्यांना ते जमलं नाही. मामांनाही जमलं नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी भेळ खाल्ली.

मग ते कागलला गावाकडं राहायला गेले. वर्षभर भेट नाही, फोन तेवढा व्हायचा.

मागच्या चौदा एप्रिलला संध्याकाळी मी बिंदू चौकातून घरी निघाले होते. मिरवणूक इतकी मोठी की रस्ता ओलांडता येईना. ढोल-ताशा, निळे झेंडे, निळा गुलाल. फूटपाथच्या कडेला विमलवहिनी दिसल्या, नवी साडी नेसलेल्या, एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात मामांचा चष्मा.

"वहिनी, मामा कुठं?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. पोरांच्या घोळक्यात मधोमध मामा नाचत होते. पांढरा शर्ट निळा झालेला, डोक्याला निळा फेटा, दोन्ही हात वर. पोरं तालात होती, मामा त्यांच्या स्वतःच्या कुठल्यातरी तालात होते, आणि पोरं हळूहळू त्यांचा ताल धरायला लागली होती.

"बघा की," वहिनी म्हणाल्या. "घरात दोरीवर कपडे घालायला सांगितले की कंबर धरती म्हाताऱ्याची."

मी "मामा!" म्हणून जोरात हाक मारली. आवाज पोचला असावा. ते थांबले, वळले, गर्दीवरून डोळे बारीक करून बघायला लागले. चष्म्याशिवाय त्यांना काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तरी त्यांनी तोंडभर हसून हात हलवला. आम्ही उभ्या होतो तिकडं नाही, पलीकडच्या चपलांच्या दुकानाकडं.

वहिनींनी आणि मी इकडून हात हलवला.

दुकानाच्या पायरीवर बसलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्यानंही हलवला.

मग ढोल पुन्हा वाजला आणि मामा परत नाचायला लागले.